नखाखालची हाडवाढ

पायाच्या बोटाच्या शेवटच्या पेऱ्याच्या हाडातून नखाखाली वाढणारी टणक गाठ. वैद्यकीय नाव सबअंग्युअल एक्झोस्टोसिस. ही गाठ कर्करोगाची नसते आणि पुढेही तिचा कर्करोग होत नाही. बहुतेक रुग्णांत, म्हणजे सुमारे ७० ते ८० टक्क्यांत, ती पायाच्या अंगठ्यालाच होते. बाकीच्या बोटांना कमी आणि हाताच्या बोटांना क्वचितच होते. रुग्ण बहुधा दहा ते तीस या वयातले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसचे शल्यविशारद गियोम ड्युपुट्रेन (१७७७–१८३५) यांनी या विकाराचे पहिले नेमके वर्णन केले. विकार फार मोठा नाही, पण तो ओळखायला उशीर होतो आणि तेवढा काळ रुग्ण विनाकारण लंगडतो. म्हणून त्याची माहिती गावपातळीवर पोचणे गरजेचे आहे.

सुरुवात साधी असते. बूट किंवा बंद चप्पल घातली की अंगठा ठणकतो, चालताना दुखतो, रात्री पांघरुणाचा भारही नको होतो. काही महिन्यांत नखाची कड एका बाजूने वर उचललेली दिसते आणि तिच्याखाली टणक, गुळगुळीत उंचवटा हाताला लागतो. तो बहुधा अंगठ्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे तोंड करून असतो. चिनीमातीसारखा पांढुरका, चकचकीत पृष्ठभाग आणि त्यावर केसासारख्या बारीक लाल रक्तवाहिन्या हे त्याचे ठळक रूप. बोट घट्ट धरून उंचवटा हलवून पाहिला तर तो जागचा हलत नाही, कारण तो हाडालाच चिकटलेला असतो. आकार बहुधा एका सेंटिमीटरच्या आतच राहतो. वरची त्वचा घासून फाटली की जखम होते, पू धरतो, आणि मग खरा आजार जखमेआड दडून जातो.

गावपातळीवर हा उशीर कसा होतो, याचे उदाहरण म्हणून आखाडा बाळापूर घ्या. हे हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याचे, हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवताली हळद, कापूस आणि सोयाबीनची शेती. हळदीच्या काढणीत, शिजवणीत किंवा ढेकळांतून चालताना पायाला ठेच लागणे नेहमीचेच. त्यामुळे अंगठा दुखला की ‘ठेच लागली असेल’ असे म्हणून विषय मिटतो. मार लागल्याचा इतिहास काही रुग्णांत सापडतो, पण सर्वांत नाही. या गाठीच्या पेशींत एक्स आणि सहा या क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची ठरावीक अदलाबदल आढळते. त्यामुळे केवळ मारामुळे हाड वाढले, ही जुनी समजूत आता अपुरी ठरते. ठेच हे निमित्त असू शकते. कारण मात्र पेशींतच आहे.

चुकीचे निदान हाच या विकाराचा खरा त्रास. उंचवट्याला कुणी कुरूप म्हणतो, कुणी चामखीळ. नखाची कड रुतली म्हणून ती कापली जाते, पू दिसला म्हणून नखुरडे समजून औषध दिले जाते, नख जाड झाले म्हणून बुरशीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहतात. यांतले काहीच हाडापर्यंत पोचत नाही. घरगुती उपायांत बिब्ब्याचा चटका सर्वांत घातक. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात, जखम चिघळते आणि मधुमेही माणसाच्या पायाला तर मोठा धोका होतो. हळदीचा लेप इजा करत नसला तरी हाडाची गाठ त्याने विरत नाही. क्ष-किरण चित्र न काढता नख उपटणे ही सर्वांत टाळण्याजोगी चूक. नख जाते, गाठ तशीच राहते, आणि नवे नख पुन्हा तिच्यावरच चढते.

निदानाला एक साधे क्ष-किरण चित्र बहुधा पुरते, पण ते बाजूनेही काढावे लागते. समोरून घेतलेल्या चित्रात गाठ पेऱ्याच्या हाडावरच पडून झाकली जाऊ शकते, तर बाजूच्या चित्रात पेऱ्यातून वर निघालेला हाडाचा सुळका स्पष्ट दिसतो. अगदी सुरुवातीला गाठीत कूर्चाच जास्त असते. तेव्हा चित्र स्वच्छ आले तरी दुखणे वाढत असेल तर काही महिन्यांनी ते पुन्हा काढावे. थंडीत असह्य कळ, नखाखाली निळसर ठिपका आणि एकाच बिंदूवर तीव्र दुखणे असेल तर ग्लोमस गाठीचा विचार करावा. नखाखाली काळा-तपकिरी डाग पसरत असेल, न भरणारा व्रण असेल किंवा वय जास्त असेल तर त्वचेचा कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी तुकडा तपासणे अटळ ठरते.

उपचार एकच, गाठ मुळासकट काढणे. बोटाच्या बुडाशी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन फक्त बोट बधिर करतात. नखाचा गरजेपुरता भाग उचलतात. गाठ बोटाच्या टोकाकडे असेल तर टोकाला छेद घेऊन नख वाचवता येते. गाठ छिन्नीने किंवा हाड कुरतडण्याच्या चिमट्याने काढून तिचे बूड निरोगी हाड दिसेपर्यंत खरवडतात. शल्यविशारदाचे कौशल्य इथे लागते, कारण खरवडणे अपुरे राहिले तर गाठ पुन्हा येते आणि नखाचे मूळ दुखावले तर नख कायमचे वेडेवाकडे उगवते. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. तंतुमय कूर्चेची टोपी दिसली तर निदान पक्के होते. तीच टोपी काचेसारख्या कूर्चेची असेल तर तो ऑस्टिओकाँड्रोमा हा जवळचा प्रकार समजतात. त्याचाही उपचार हाच.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. त्यामुळे बाळापूरच्या रुग्णाने आधी गावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढे हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे सोयीचे. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा आणखी एक पर्याय आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस पाय उंचावर ठेवावा, पट्टी कोरडी ठेवावी आणि चिखलात जाऊ नये. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. काही आठवडे बोट मोकळे राहील असेच पायताण वापरावे. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते, म्हणून पूर्ण नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. गाठ परतली तर ती बहुधा पहिल्या वर्षातच कळते. तेवढ्या काळात अंगठा पुन्हा त्याच जागी टणक लागू लागला किंवा नखाची कड उचलली, तर नख कापत न बसता पुन्हा क्ष-किरण चित्र काढून घ्यावे.