लंडनचं जंगल वाचलं, सरपण मात्र गेलं

तुम्ही लोकलमध्ये लटकत असाल, बसच्या खिडकीत असाल किंवा घरी कानात इअरफोन घालून भांडी घासत असाल, आज आपण लंडनला जाणार आहोत. पण बिग बेन नाही, टॉवर ब्रिज नाही, राजवाडाही नाही. त्यांचे रील्स तुम्ही शंभर वेळा पाहिले असतील.

खरं सांगायचं तर लंडनमध्ये पहिले तीन दिवस मीही तेच केलं. चौथ्या दिवशी मावसबहीण म्हणाली, "ताई, आज गर्दी नको, जंगलात जाऊ." म्हटलं, लंडनमध्ये कसलं जंगल? तर आम्ही लिव्हरपूल स्ट्रीटला सेंट्रल लाइन पकडली आणि अर्ध्या तासात लाउटन नावाच्या स्टेशनवर उतरलो. तिथून थोडं चढून गेलं की सुरू होतं एपिंग फॉरेस्ट. साधारण 6,000 एकर! लंडनच्या ईशान्येला, शहराच्या कडेपासून थेट एसेक्सच्या गावांपर्यंत पसरलेलं.

आत शिरल्यावर मला पहिल्यांदा खटकली ती तिथली झाडं. बीच आणि हॉर्नबीमची ही झाडं जुनी, जाडजूड आहेत, पण खोड माणसाच्या डोक्याच्या थोडं वर गेलं की एकदम संपतं. तिथे एक मोठी गाठ, आणि त्या गाठीतून आठ-दहा फांद्या सरळ आभाळात. त्या फांद्याही आता स्वतंत्र झाडाएवढ्या झाल्यात. सगळीकडे अशीच झाडं. मी बहिणीला विचारलं, "हे कुणी केलं?" तिला माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसले, आणि आजचा भाग तिथूनच निघाला.

तर ऐका. हे जंगल शेकडो वर्षं राजवन होतं. म्हणजे हरणांच्या शिकारीचा हक्क राजाचा. जमीन मात्र वेगवेगळ्या गावांच्या जमीनदारांची. आणि त्याच जमिनीवर गावकऱ्यांचेही हक्क होते. आपल्याकडे गायरान असतं ना, तसंच समजा. ज्याची थोडीफार जमीन आसपास आहे, त्याने आपली गुरं जंगलात चरायला सोडायची. आणि लाउटनच्या लोकांना आणखी एक हक्क होता, सरपणाचा. 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून 23 एप्रिलपर्यंत त्यांनी झाडांच्या फांद्या तोडायच्या. अट एवढीच, की खोडाला हात लावायचा नाही, डोक्याच्या वरचंच तोडायचं. त्यामागे शहाणपण होतं. कोवळी फूट उंचावर आली की गुरं आणि हरणं ती खाऊ शकत नाहीत. झाड जगतं, काही वर्षांनी पुन्हा फांद्या देतं. इंग्लंडच्या हिवाळ्यात गरिबाच्या घरची चूल त्यावर पेटायची.

म्हणजे मला विचित्र वाटलेली ती झाडं ही गरिबांच्या कुऱ्हाडीची सही होती.

आता गोष्टीत वळण येतं. एकोणिसाव्या शतकात लंडन फुगत चाललं होतं. जमिनीचे भाव चढले. राजघराण्याला शिकारीत रस उरला नव्हता, म्हणून सरकारने आपले हक्क जमीनदारांना विकायला काढले. शेजारचं हैनॉल्टचं जंगल 1851 च्या कायद्याने मोडलं आणि बघता बघता तिथली झाडं साफ करून शेतं केली गेली. एपिंगमध्येही जमीनदार कुंपणं घालू लागले. 1850 नंतरच्या वीसेक वर्षांत मोकळं जंगल जवळजवळ निम्म्यावर आलं.

लाउटनचा जमीनदार होता जॉन व्हिटेकर मेटलंड. गंमत म्हणजे गावच्या चर्चचा पाद्रीही तोच! रविवारी प्रवचन देणार तोच, सोमवारी कुंपण घालणार तोच. त्याने 1865 च्या सुमारास हजाराहून जास्त एकर जागा बंद केली.

आणि गावात होता थॉमस विलिंगेल. साठी ओलांडलेला, लाकूडफाटा विकणारा मजूर. त्याच्याबद्दल एक दंतकथा आहे. गावात समज असा, की 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री कुणीच फांदी तोडली नाही तर हक्क कायमचा जातो. म्हणून म्हणे त्या रात्री जमीनदाराने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि भरपूर पाजलं. सगळे टुन्न. बाराच्या ठोक्याआधी विलिंगेल हळूच उठला, कुऱ्हाड घेऊन जंगलात गेला आणि तोडलेली फांदी घेऊन परत आला. खरं-खोटं देव जाणे, पण गावाने ही गोष्ट जपली आहे.

दंतकथा सोडा, पुढचं मात्र खरं घडलेलं आहे. कुंपण झाल्यावरही विलिंगेलचं कुटुंब फांद्या तोडत राहिलं. खटला झाला, घरातली माणसं तुरुंगात गेली. फांद्या तोडल्या म्हणून तुरुंग! ही बातमी लंडनला पोचली. 1865 मध्ये तिथे सामायिक जमिनी वाचवण्यासाठी एक संस्था निघाली होती, तिच्यात जॉन स्टुअर्ट मिलसारखी मंडळी होती. त्यांनी विलिंगेलच्या नावाने दावा चालवला. पण 1870 मध्ये विलिंगेल वारला आणि त्याच्याबरोबर तो दावाही संपला.

आता वाचवणार कोण? इथे मदतीला आली, हसू नका, एक दफनभूमी! लंडनच्या मध्यवर्ती भागाचा कारभार पाहणाऱ्या सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने शहराबाहेर दफनभूमीसाठी जमीन घेतली होती. ती जंगलाला लागून होती. म्हणजे कॉर्पोरेशनलाही जंगलात गुरं चारायचा हक्क! या एका हक्काच्या जोरावर त्यांनी 1871 मध्ये सगळ्या जमीनदारांना कोर्टात खेचलं. युक्तिवाद साधा होता. गायीला गावाची शीव कळत नाही. ती या गावातून त्या गावात चरत जाते. म्हणजे चराईचा हक्क अख्ख्या जंगलावर आहे, मग एकट्या जमीनदाराने आपला तुकडा बंद करायचा कसा? 1874 मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज जेसेल यांनी हे मान्य केलं आणि 1851 नंतरची कुंपणं बेकायदा ठरवली.

तोपर्यंत या जागेची गरज कुणाला लागली होती, तेही बघा. 1856 पासून लाउटनला रेल्वे होती. 1871 मध्ये जॉन लबक यांच्या पुढाकाराने बँक हॉलिडेचा कायदा झाला आणि कामगारांना वर्षात काही सोमवार मोकळे मिळू लागले. लोक कौतुकाने त्या सुटीला 'संत लबकचा दिवस' म्हणायचे. ईस्ट एंडच्या धुरकट गल्ल्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं ट्रेनने जंगलात यायची. चहाची दुकानं, झोपाळे, गाढवावरची रपेट! ज्यांच्या घरात ऊन येत नव्हतं, त्यांच्यासाठी हे जंगल म्हणजे खरी सुटी होती.

मग 1878 मध्ये एपिंग फॉरेस्टचा कायदा झाला. हे जंगल कायम मोकळं राहील, लोकांच्या विरंगुळ्यासाठी राहील, आणि सांभाळेल कॉर्पोरेशन. 6 मे 1882 ला व्हिक्टोरिया राणी स्वतः हाय बीच इथे आली आणि तिने हे जंगल जनतेला अर्पण केलं.

टाळ्या? थांबा. त्याच कायद्याने फांद्या तोडायचा हक्क संपवला. भरपाई दिली, त्या पैशांतून 1884 मध्ये गावात लॉपिंग हॉल नावाची इमारत उभी राहिली. ज्यांच्या कुऱ्हाडीमुळे भांडण पेटलं, त्यांना कुऱ्हाड खाली ठेवावी लागली. शहराला सहलीची जागा मिळाली, गावाचं सरपण गेलं. झाडांच्या त्या फांद्या एवढ्या वाढल्यात कारण तेव्हापासून त्या नेमाने तोडणारं कुणी उरलं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी वाचून मी फोन बाजूला ठेवला. साल तेच, 1878. त्याच राणीच्या नावाने इकडे हिंदुस्थानातही एक जंगल कायदा झाला. त्याने जंगलं 'राखीव' केली आणि इथल्या गावकऱ्यांची चराई आणि सरपण सरकारच्या मर्जीवर आलं. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर जो राग काढलाय, तो याच काळातला. आणि 1930 मध्ये उरणजवळच्या चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला उभे राहिले आणि गोळ्या खाल्ल्या, त्याचं मूळही इथेच. लंडनच्या कामगाराला निदान फिरायला जंगल मिळालं, लाउटनच्या लाकूडतोड्याला निदान भरपाई मिळाली. आपल्या लोकांच्या वाट्याला आला दंड आणि गार्डाची काठी.

मी काही लंडनच्या जंगलावर रुसलेली नाही, बरं का. तिथे पोरं सायकली चालवत होती, म्हातारी जोडपी हातात हात घालून फिरत होती. ते जंगल वाचलं हे फार चांगलं झालं. फक्त फिरायला मिळालेल्या प्रत्येक मोकळ्या जागेमागे कुणीतरी भांडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा भांडणारा वेगळा नि फिरणारा वेगळा असतो.

कधी लंडनला गेलात तर एक दिवस राखून ठेवा. लाउटनला उतरा, आधी लॉपिंग हॉल बघा, मग जंगलात जा. आणि तशा एखाद्या झाडाखाली डबा उघडलात, तर एक घास विलिंगेलच्या नावाने खा.

तुमच्या गावच्या गायरानाची किंवा टेकडीची अशी काही गोष्ट असेल तर मला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!