ब्लॉकचेनवर घराची खरेदी-विक्री : ‘प्रॉपी’ नेमकं काय करते, आणि फणसवाडीतल्या खोलीला त्याचा उपयोग काय?

सप्टेंबर २०१७मध्ये ‘टेकक्रंच’चे संस्थापक मायकल ॲरिंग्टन यांनी युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये ६०,००० डॉलर्सचा एक फ्लॅट घेतला. पैसे इथेरियममधून गेले आणि व्यवहार ‘प्रॉपी’ या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर झाला. नतालिया कारायानेवा यांनी स्थापन केलेली ही अमेरिकेतली कंपनी. ब्लॉकचेनवर झालेली घराची पहिली खरेदी म्हणून या व्यवहाराचा बराच गाजावाजा झाला. गिरगावात फणसवाडीसारख्या ठिकाणी जुन्या खोल्यांचे वाद वर्षानुवर्षं चाललेले पाहिले की साहजिकच वाटतं, हे आपल्याकडे का नको? म्हणून आधी यात नेमकं काय होतं ते पाहू.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खतावणी. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला गणिताने बांधलेली असते, त्यामुळे मागचं पान गुपचूप बदलता येत नाही. दस्तऐवज सहसा या खतावणीत नसतो; असतो त्याचा ‘हॅश’, म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसाच म्हणा ना. खरेदीखतात एक स्वल्पविराम हलवला तरी हॅश पूर्ण बदलतो आणि छेडछाड उघडी पडते. ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या की पैसे आपोआप सोडणारा छोटा प्रोग्रॅम. प्रॉपीने हे सगळं ऑफर, सह्या, पैसे आणि नोंद या साखळीला जोडलं.

खरी गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये प्रॉपीने फ्लोरिडातलं एक घर ‘एनएफटी’ म्हणून लिलावात विकलं, २१० इथरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेसहा लाख डॉलर्सना. पण अमेरिकेच्या कायद्यात टोकन हातात आलं म्हणजे घर नावावर झालं, असं कुठेही नाही. मग युक्ती अशी की घर आधी एका कंपनीच्या (एलएलसीच्या) नावावर करायचं आणि टोकनबरोबर त्या कंपनीची मालकी द्यायची. सरकारी दप्तरात घरमालक तीच कंपनी राहते. माझ्या मते हे हुशारीचं काम आहे, पण ही हुशारी वकिलाची आहे, ब्लॉकचेनची नाही.

सरकारांनी केलेले प्रयोग जास्त शिकवतात. जॉर्जिया देशाने २०१६पासून ‘बिटफ्युरी’ कंपनीबरोबर मालमत्तेच्या उताऱ्यांचे हॅश बिटकॉइनच्या साखळीवर टाकायला सुरुवात केली. मूळ रजिस्टर सरकारकडेच राहिलं, हॅश फक्त साक्षीदार. स्वीडनच्या भूमी विभागाने ‘क्रोमावे’बरोबर २०१८मध्ये चाचणीचा व्यवहार करून दाखवला, पण रोजचा कारभार जुन्याच पद्धतीवर ठेवला. तिथली नोंद मुळातच भरवशाची होती, हे विसरू नका. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२मध्ये जातीचे दाखले ‘पॉलिगॉन’ साखळीवर नोंदवले गेले. दाखला खरा की बनावट हे कुणालाही तपासता यावं म्हणून. घराच्या मालकीपेक्षा ते काम सोपं, कारण दाखला देणारा अधिकारी एकच.

घराचं तसं नाही. आपल्याकडे खरेदीखत १९०८च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. पण तो निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, हे तुमच्या वकिलाने जुनी कागदपत्रं चाळून शोधायचं. नोव्हेंबर २०२५मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच त्रुटीकडे बोट दाखवलं आणि ब्लॉकचेनचा उपयोग करता येईल का हे विधी आयोगाने अभ्यासावं असं सांगितलं.

आता फणसवाडी. इथे अमक्याने खोली ‘घेतली’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ती विकत घेतलेलीच नसते. पागडीने घेतलेली असते. जागा घरमालकाची, हक्क भाडेकरूचा. खोली दुसऱ्याला देताना मालक आपला वाटा घेतो, साधारण तिसरा हिस्सा धरतात, आणि पावती नव्या नावाने फाडतो. म्हणजे इथली खरी खतावणी कुठली? मालकाच्या पेढीतलं भाड्याचं रजिस्टर आणि आपल्या कपाटातलं पावत्यांचं बाड. १९४७च्या भाडे कायद्याखाली पागडी घेणं गुन्हा होता, त्यामुळे ती रक्कम रोखीतच फिरली आणि कागदावर आली नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २०००पासून, ती कायदेशीर झाली. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही जबाबदारीही मालकावर आली. पण आजोबांनी घेतलेल्या खोलीचा लेखी करार आणणार कुठून?

पावती अजून आजोबांच्याच नावावर असेल तर पेच आणखी वाढतो. भाडेकरू गेल्यावर राहत्या खोलीचा हक्क कुणाचा, याचं उत्तर या कायद्यात असं आहे : मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय, तसा कुणी नसेल तर वारस, आणि आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवेल. काका डोंबिवलीला गेले होते की नुसते नोकरीसाठी जाऊन-येऊन होते? रेशनकार्डावर नाव होतं, पण माणूस राहत कुठे होता? याचं उत्तर शेजाऱ्यांच्या साक्षीत असतं, कुठल्याही साखळीत नसतं. उपकरप्राप्त इमारत ३३(७)खाली पुनर्विकासाला गेली की प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं मालकीचं घर मिळतं. तेव्हा त्या यादीत कुणाचं नाव चढतं यावर एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई ठरते. चुकीचं नाव ब्लॉकचेनवर चढलं, तर ते चुकीचं नाव कायमचं जपलं जाईल, एवढंच.

मग उपयोग शून्य का? तसंही नाही. मालकाने फाडलेल्या प्रत्येक पावतीचा हॅश त्याच दिवशी साखळीवर गेला, तर मागची तारीख घालून नवी पावती बनवणं अवघड होईल. पुनर्विकासाच्या पात्रता यादीचंही तेच; यादी आधी काय होती आणि नंतर कुणाचं नाव घुसलं, हे दिसेल. यासाठी कुणाला टोकन विकायची गरज नाही. टोकनमध्ये आणखी एक मेख आहे : नोंदणीकृत दस्ताची प्रत हरवली तर निबंधकाकडून सही-शिक्क्याची दुसरी मिळते, खासगी वॉलेटची ‘की’ हरवली तर अर्ज कुणाकडे करणार?

कुणी तुम्हाला मुंबईतल्या जागेचं टोकन विकायला आलं, तर ॲपकडे पाहू नका. दस्त नोंदवला जाणार का आणि सूची क्रमांक दोनवर कुणाचं नाव येणार, ते विचारा. नाव एखाद्या कंपनीचं येणार असेल, तर त्या कंपनीचे कागद आधी मागा. पागडीची खोली असेल तर मालकाची लेखी संमती आणि शेवटची पावती पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि घरात आजोबांच्या नावाच्या पावत्या असतील, तर त्या या रविवारी स्कॅन करून ठेवा. मूळ कागद मात्र फेकू नका.