मायना

वाचकहो, फ्रेंच शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची वही आपण कधी चाळली आहे काय? पुण्यामुंबईस शिकायला गेलेल्या आपल्या परभणीकडच्या एखाद्या मुलाची म्हणा. सुरुवातीला क्रियापदे त्याला छळतात, पण खरा घाम फुटतो तो पुढेच. मित्राला पत्र लिहा, नगराध्यक्षाकडे तक्रारअर्ज करा, वर्तमानपत्रासाठी मजकूर तयार करा, एखाद्या प्रश्नावर आपले मत मांडा, असे प्रश्न परीक्षेत येतात. भाषा तीच, पण प्रत्येक लेखनाचा बाज वेगळा. अर्जाच्या शेवटी तर एक लांबलचक वाक्य पाठच करावे लागते. त्याचा भावार्थ असा, की महोदय, माझ्या विशेष आदरभावनेचा आपण कृपया स्वीकार करावा. मुलगा हसतो आणि म्हणतो, "सर, नळाला पाणी येत नाही एवढे सांगायला ही आदरभावना कशाला?"

त्याला वाटते, हे फ्रेंचांचे खूळ आहे. पण 'बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती' असे लिहिणारे आपले आजोबा दुसरे काय करीत होते? आपल्याकडे या रीतीला मायना म्हणतात, आणि तिचा इतिहास मोठा आहे.

चांगदेवाची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंपरा सांगते, की चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकली आणि पत्र लिहायला घेतले. पण मायना काय घालावा? ज्ञानेश्वर वयाने लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ते ज्ञानाने थोर. 'तीर्थरूप' लिहावे, तर समोर कोवळा मुलगा. शेवटी चांगदेवाने कोराच कागद पाठविला. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला! निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच 'चांगदेव पासष्टी'. गंमत अशी, की हे उत्तर तत्त्वज्ञानाचे असले तरी त्याचा आरंभ पत्राच्या रीतीप्रमाणे मंगलवचनानेच होतो. चांगदेवाला जी रीत अडली, ती ज्ञानेश्वरांनी टाकली नाही, वापरली.

हा काळ देवगिरीच्या यादवांचा. महादेव आणि रामदेवराव यांचा श्रीकरणाधिप, म्हणजे लेखनखात्याचा प्रमुख, हेमाद्री होता. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याच्या जुन्या देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो ते त्याच्याच नावाने. पत्रव्यवहाराची पद्धत सांगणारे 'मेस्तक' परंपरा त्याच्याच नावावर घालते, आणि मोडी लिपीचा प्रसारही. यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद बाजूस ठेवू. एवढे खरे, की राज्य चालायचे तर कोणाला कसे लिहावे हे ठरवावे लागते. गुजरातेत याच हेतूने 'लेखपद्धती' तयार झाली, मिथिलेत विद्यापतीने 'लिखनावली' रचली. युरोपात तर मध्ययुगातच पत्राचे पाच भाग ठरले होते: अभिवादन, मन वळविणे, हकीकत, मागणी आणि समाप्ती. आज फ्रेंच शिकणारा आपला मुलगा ज्या चौकटीत अर्ज लिहितो, ती याच घराण्यातली.

आपल्या मराठी दप्तरात तर लेखनाचे प्रकार मोजता मोजता बोटे पुरत नाहीत. अभय द्यायचे तर कौलनामा, दटावायचे तर ताकीदपत्र, वादात आपली बाजू मांडायची तर करीना, पैसा पाठवायचा तर हुंडी, रोजचा हिशेब लिहायचा तर रोजकीर्द. प्रत्येकाची सुरुवात निराळी, शेवट निराळा. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असे. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा त्याचा अर्थ. बघा, ही केवळ शोभा नव्हे. हा लबाडीविरुद्धचा बंदोबस्त होता.

आणखी एक प्रकार महजर. गावच्या वतनाचा तंटा गोतसभेने निवाडला की त्याचा कागद होई. त्यावर साक्षीदारांच्या सह्या हव्यात, पण लिहिता येणारे किती? म्हणून जो तो आपली निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर, कुलकर्ण्याची दौत आणि लेखणी, आणि इतर बलुतेदारांची आपापल्या धंद्याची हत्यारे. निरक्षर माणसालाही त्या कागदावर स्वतःचे असे स्थान होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मोलाची अशासाठी, की पुढे आपल्या भागात हे स्थान गेले. परभणी निजामाच्या राज्यात होती. दरबाराची भाषा आधी फारसी, आणि 1880 च्या दशकापासून उर्दू. भाषा कोणतीही वाईट नसते, उर्दू तर गोडच. पण गोदाकाठच्या शेतकऱ्याने आपले गाऱ्हाणे मांडायचे ते दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्याच रीतीने. तो कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे जाई, तोंडाने सांगे, आणि तो लिहील त्याखाली अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. नांगराची निशाणी जाऊन अंगठा आला, म्हणजे काय गेले ते ध्यानात घ्या. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि 1964 च्या कायद्याने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. तरी त्या जुन्या कागदांनी आपला पिच्छा सोडला नाही. 2023 साली निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पणजोबाच्या नावापुढे कारकुनाने कोणत्या रकान्यात काय लिहिले, यावर पणतूचा दाखला अवलंबून राहिला!

म्हणजे मायना सगळाच चांगला, असे मी म्हणतो काय? मुळीच नाही. जुन्या मायन्याने माणसाला त्याची पायरी दाखविली. विधवेच्या नावामागे 'गं. भा.' लिहून तिचे दुःख पाकिटावर जाहीर केले. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात लोकांनी हेच ओळखले. 'महाशय' टाकून 'नागरिक' म्हणू लागले, आणि पत्राच्या शेवटी आदरभावनेऐवजी 'अभिवादन आणि बंधुता' लिहू लागले. पुढे जुना रिवाज परत आला ही गोष्ट वेगळी. पण यावरून एक दिसते. समाज बदलायचा तर मायनाही बदलावा लागतो, आणि तो बदलायचा तर आधी यावा लागतो.

म्हणून त्या हसणाऱ्या मुलाला मी सांगतो, बाबा, पाठ कर. पण पाठ करताना तीन प्रश्न विचार. मी कोण म्हणून लिहितो आहे? वाचणारा कोण आहे? त्याने काय करावे असे मला वाटते? या तीन प्रश्नांची उत्तरे सापडली की पत्र, अर्ज, अहवाल, निबंध यांची चौकट आपोआप उभी राहते, मग भाषा फ्रेंच असो की मराठी. उत्तरे सापडली नाहीत, तर हजार नमुने पाठ करूनही कागद कोराच.

कोरा कागद आणि कागदावरचा अंगठा ही आपल्या इतिहासातली दोन टोके आहेत. एकाला रीत फार येत होती, दुसऱ्याला ती कोणी येऊच दिली नाही. दोघांचेही म्हणणे कागदावर उतरले नाही. आज तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी तलाठ्याकडे द्यायचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून आणत असेल, तर त्याला जवळ बसवा, कोरा कागद पुढे ठेवा आणि म्हणा, तुझे तू लिही. पहिली ओळ चुकेल. चुकू द्या. पण खालची सही त्याची असेल, आणि वरचा मजकूरही त्याचाच.