पहिल्या बाहुलीची किंमत

लेकीसाठीं पहिली बाहुली घेतांना किती खर्चावें, हा प्रश्न एके काळीं जपानांत राजशासनाचा विषय झाला होता.

तेथें मुलीच्या पहिल्या हिनामात्सुरीला, म्हणजे बाहुल्यांच्या सणाला, राजा-राणीची जोडी आणण्याची रीत आहे. हा आहेर बहुधा आजोळाहून येतो. या बाहुल्या खेळण्यासाठीं नसतात. वर्षांतून एकदां मांडावयाच्या आणि जपून ठेवावयाच्या.

अठराव्या शतकांत एदो नगरींतील, म्हणजे आजच्या टोकियोंतील, व्यापारी धनाढ्य झाले आणि त्यांच्या घरच्या किनखापी बाहुल्या हातभर उंच होऊं लागल्या. सामान्य कुटुंबालाही मग मागें राहवेना. शोगुनशाहीनें १७२१ सालीं ८ सुनांहून, म्हणजे सुमारें २४ सेंटिमीटरांहून, उंच बाहुल्यांस बंदी घातली. पुढें मात्सुदाइरा सादानोबु या मंत्र्याच्या सुधारणांत (१७८७ ते १७९३) ही काटकसर पुन्हां कडकपणें लादण्यांत आली.

परिणाम मात्र उलटाच झाला. कारागिरांनीं उंची घटविली, किंमत नव्हे. खसखशीच्या दाण्यावरून नांव पडलेल्या 'केशिबिना' या बोटभर बाहुल्या आणि त्यांची सोनेरी नक्षीची लाखकामी भातुकली हीच नवी चैन ठरली.

कायद्याला उंची मोजतां आली, हौस नाहीं. तिची मर्यादा घरानेंच घालावयाची असते. पूर्ण मांडणींत ७ पायऱ्या आणि १५ बाहुल्या असतात. पण सणाला एक जोडी पुरते. ती चांगली घ्यावी आणि बाकीच्या ऐपतीप्रमाणें सावकाश येऊं द्याव्या.