डोळ्यातले फूल आणि इंदूरची एक शस्त्रक्रिया

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘डोळ्यात फूल पडले’ हे वाक्य हमखास ऐकू यायचे. शब्द गोड, अर्थ मात्र वाईट. देवी, गोवर, खुपऱ्या, गव्हाचे कुसळ, कशानेही बुबुळावर जखम झाली आणि ती भरून येताना पांढरा डाग राहिला की त्याला फूल म्हणत. मोतीबिंदूवाल्याला निदान आशा तरी असे. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया सांगितली आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी तर डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. पण फुलावर अंजने घालून घालून घरचे थकत, डाग काही हलत नसे. त्यावर उपाय सापडायला विसावे शतक उजाडावे लागले आणि त्या उपायाच्या भारतातल्या इतिहासात आपल्या इंदूरचे नाव आहे. हे आपल्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू तो हवेतून आणि अश्रूंतून घेतो. म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो आणि दुसऱ्याचा कॉर्निया बसवला तर शरीर त्याला परका म्हणून सहसा लगेच हाकलत नाही. हे गुपित कळायच्या आधीच माणसे प्रयोगाला लागली होती. बव्हेरियाच्या रायझिंगर यांनी 1824 मध्ये या शस्त्रक्रियेला ‘केराटोप्लास्टी’ हे नाव दिले. 1837 च्या सुमारास बिगर नावाच्या आयरिश डॉक्टरांनी इजिप्तमध्ये कैदेत असताना एका आंधळ्या पाळीव हरणाला दुसऱ्या हरणाचा कॉर्निया बसवला आणि हरणाला दिसू लागल्याचे लिहिले. पुढे न्यूयॉर्कमध्ये डुकराचा कॉर्निया माणसाला लावून पाहिला गेला, तो महिन्याभरात गढूळ झाला. प्राण्याचा माणसाला चालत नाही, एवढे त्यातून कळले.

पहिले यश आले ते 7 डिसेंबर 1905 रोजी, मोराविया प्रांतातल्या ओलोमोउत्स गावी. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. डॉक्टर एडुआर्ड झिर्म, रुग्ण आलोइस ग्लोगार नावाचा मजूर. चुना विझवताना त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. त्याच सुमारास कार्ल ब्राउअर हा अकरा वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. डोळ्यात लोखंडाचा तुकडा घुसलेला, तो डोळा काढण्यावाचून इलाज नव्हता. झिर्म यांनी त्या काढलेल्या डोळ्याच्या कॉर्नियातून दोन गोल चकत्या कापल्या आणि ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांत बसवल्या. एक निकामी ठरली, दुसरी स्वच्छ राहिली. ग्लोगार पुन्हा कामावर जाऊ लागला. त्या काळात प्रतिजैविके नव्हती, आजच्यासारखे केसाहून बारीक टाके नव्हते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याचा आधार देऊन ती चकती जागेवर धरून ठेवली होती. मला तरी हे धाडस शस्त्रक्रियेपेक्षा मोठे वाटते.

चुन्याचा उल्लेख वाचून काही वाचक थबकले असतील. नोकरीच्या निमित्ताने नेत्रशिबिरांत नोंदणीच्या टेबलावर मी बरीच वर्षे बसलो आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटली आणि पोराच्या डोळ्यात उडाली, ही तक्रार आजही येते. 1905 साली ज्या चुन्याने ग्लोगारचे डोळे नेले, तो आपल्या घरात आजोबांच्या पानपुड्याशेजारी पडलेला असतो. असे झाले तर डॉक्टरकडे पळण्याआधी स्वच्छ पाण्याने डोळा किमान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावा. तूप, मध काही घालू नये.

झिर्म यांच्यानंतर मोठा प्रश्न होता डोळे आणायचे कुठून. जिवंत माणसाचा डोळा निकामी होण्याची वाट किती पाहणार? ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव्ह यांनी 1930 च्या दशकात मृत व्यक्तीचा कॉर्निया थंड ठेवून वापरता येतो हे दाखवून दिले. न्यूयॉर्कचे डॉ. पेटन तर सिंग सिंग तुरुंगात देहदंड झालेल्या कैद्यांचे डोळे आणायला जात. त्यांच्याच पुढाकाराने 1944 मध्ये तिथे नेत्रपेढी निघाली.

पाठोपाठ 1945 मध्ये मद्रासला डॉ. मुथय्या यांनी भारतातली पहिली नेत्रपेढी सुरू केली. 1957 मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याने कॉर्निया रोपणाचा कायदा केला. आणि 1960 मध्ये इंदुरात डॉ. आर. पी. धांडा यांनी कॉर्निया रोपण केले. देशातले पहिले यशस्वी रोपण म्हणून नेत्रवैद्यकाच्या इतिहासात त्याचाच उल्लेख होतो. होळकरांच्या या गावाची ओळख सराफ्यातल्या खाऊपुरती सांगणाऱ्यांनी ही गोष्टही पाहुण्यांना सांगावी.

त्यानंतर शास्त्र खूप पुढे गेले. 1974 पासून मिळू लागलेल्या साठवण-द्रावणामुळे कॉर्निया चार दिवसांपर्यंत टिकू लागला. आता पूर्ण कॉर्निया न बदलता फक्त खराब झालेला थर बदलतात, त्यामुळे एका कॉर्नियातून दोघांचे काम होऊ शकते. दुसरीकडे काही कारणेच हटली. देवी गेली. लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याची मोहीम 1970 पासून सुरू झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खुपऱ्या ही भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जाहीर केले.

अडते ते आपल्याच घरात. पुढच्या जन्मी आंधळा जन्म येईल ही समजूत सुशिक्षित घरांतही आहे. शिबी राजाने कबुतरासाठी मांस कापून दिले हे आपण मुलांना सांगतो. बौद्ध जातककथेतला शिबी राजा तर डोळेच दान करतो, आणि श्रीलंकेने पुढे कितीतरी देशांना डोळे पुरवले. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांनी हौसेने फॉर्म भरला होता. ते गेले तेव्हा मुलगा पुण्याहून निघालेला, तो येईपर्यंत कुणी काही ठरवायचे नाही असे झाले. तो पोचला तेव्हा नऊ तास उलटले होते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.

दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा असतो, कित्येकदा त्यातच गणपती येतात. मंडपात फॉर्म भरले जातात, चांगलेच आहे. पण फॉर्म नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात, आणि फॉर्म असला तरी ऐनवेळी संमती त्यांनाच द्यावी लागते. चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, म्हणून नकार देण्याचे कारण नाही. फोन केल्यावर नेत्रपेढीची माणसे घरी येतात, वीस-पंचवीस मिनिटांत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही. ती येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि पंखा बंद करावा.