दीडचे विमान कोणत्या वाराचे?

आमच्या शेजारच्या मावशी लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी लंडनला निघाल्या, तेव्हा ‘शनिवारी रात्री दीडचे विमान’ असे त्यांनी साऱ्या वाड्याला सांगून ठेवले होते. शनिवारी रात्री दहाला त्या डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन विमानतळावर पोचल्या. दारावरच्या शिपायाने तिकीट पाहिले आणि तो म्हणाला, “आजी, हे विमान कालच्या रात्रीच गेले.” दुसरे तिकीट मिळेपर्यंत दोन दिवस गेले, नात आधी आली, आजी मागाहून.

मावशींचे चुकले काय? त्यांच्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा हलवताना वार पालटला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात तरी येते का?

तरीही मध्यरात्रीचा हिशेब केवळ साहेबाचा, असे मात्र समजू नये. आर्यभटाने दोन्ही पद्धती सांगितल्या. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त दिवस सूर्योदयापासून धरला आहे, त्याची मध्यरात्रीची दुसरी पद्धत ब्रह्मगुप्ताने ६६५ मध्ये ‘खण्डखाद्यका’त घेतली. आर्यभटावर कडक टीका करणाऱ्यानेच ती उचलावी, ही गंमतच!

युरोपातल्या ज्योतिर्विदांचा दिवस तर भर दुपारी सुरू होई. रात्रभर तारे पाहणाऱ्याला वहीत मध्येच तारीख बदलणे सोयीचे नव्हते. हा रिवाज १९२५ च्या १ जानेवारीला मोडला. इंग्रजी आरमाराचाही दिवस दुपारीच, पण तो बारा तास आधी लागे; तो घोळ १८०५ मध्ये मिटला.

आमच्या मुंबईची कथा याहून गोड आहे. १९०६ मध्ये हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ सोडली नाही. शहरातील कित्येक घड्याळे १९५५ पर्यंत त्या हट्टाने चालली. म्हणजे आगगाडीच्या घड्याळात बारा वाजून तारीख पालटली, तरी मुंबईवेळेच्या घड्याळात अकरा एकवीसच. एकाच शहरात रोज रात्री ३९ मिनिटे दोन तारखा सुखाने नांदत.

मावशींचे परतीचे विमान लंडनहून रात्री साडेनवाचे होते. “हे तरी त्याच वाराचे ना रे?” असे त्यांनी मुलाला फोनवरून तीनदा विचारले. तो ठामपणे ‘हो’ म्हणाला, आणि तिकिटावरच्या त्याच तारखेला रात्रभर मुंबईच्या विमानतळावर त्यांची वाट पाहत बसला!