पुढच्या चाकांची भूमिती

ठाण्यात खोपटच्या एस.टी. स्थानकात बस वळते तेव्हा तिची पुढची दोन्ही चाके सारखीच वळतात, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळते. हे साधण्यासाठी कारागिरांना बराच काळ झगडावे लागले.

बैलगाडीला हा प्रश्न पडला नाही. तिला चाके दोनच आणि दिशा बदलतात ते बैल. चारचाकी बग्गीत मात्र पुढचा अख्खा आस मधल्या खुंटीभोवती फिरे. आस वळला की गाडीचा आधार अरुंद होई आणि ती उलटण्याची भीती असे. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या बग्गीकाराने आस स्थिर ठेवून फक्त टोकाची चाके वळवण्याची युक्ती काढली. १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने तिचे पेटंट इंग्लंडमध्ये घेतले आणि रचनेला नाव पडले ते आकरमानचे!

तत्त्व शाळेतलेच आहे. चाके घासू नयेत म्हणून सर्व चाकांच्या आसांच्या रेषा एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. पुढच्या-मागच्या आसांतले अंतर ५ मीटर आणि दोन किंगपिनांतले २ मीटर धरू. आतले चाक ३० अंशांनी वळले तर बाहेरचे सुमारे २५ अंशांनीच वळायला हवे.

कार्ल बेंझची १८८५ ची मोटार तीन चाकांची होती, कारण चारचाकी वळवण्याचे कोडे त्याला सुटले नव्हते. आपल्या रचनेचे पेटंट त्याने १८९३ मध्ये घेतले. पुढे १९५४ मध्ये त्याच परंपरेतल्या कंपनीशी टेल्कोने करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक भारतीय रस्त्यांवर आले.

ट्रकचा पुढचा अखंड आस कमानपाट्यांवर बसवलेला असतो. किंगपिन वरच्या बाजूला किंचित मागे झुकवतात. हा 'कास्टर' कोन. वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात ती मुख्यतः त्यामुळे. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, तोही याच कामी येतो.

आता हौसेने कोणी ट्रकचे पुढचे पाटे काढून नाक खाली आणले तर काय होईल? चौकट पुढे झुकते, तिच्याबरोबर किंगपिनही पुढे कलतो आणि कास्टर घटतो. वेगात गाडी सरळ धरणे कठीण जाते. दुसरा दोष याहून लपलेला. स्टिअरिंगचा दांडा चौकटीपासून आसापर्यंत जातो. खड्ड्यात आस वरखाली होताना दांड्याचे टोक एका कंसात आणि आस दुसऱ्या कंसात फिरतो. हे कंस जुळतील अशा बेताने कारखाना दांडा बसवतो. उंची बदलली की मेळ बिघडतो आणि चालकाने चक्र न हलवताही चाके वळतात. पाट्याखाली पाचर ठोकून कास्टर परत मिळवता येतो, पण दांड्याचा दोष तेवढ्याने जात नाही. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, ते उगीच नव्हे.

वर्गात हे दाखवायला पुठ्ठ्याच्या दोन असमान पट्ट्या पुरतात. त्या दोन टाचण्यांवर अशा टोचाव्यात की मोकळी टोके एकमेकांवर येतील. मग दोन्ही टोके सारखीच वर न्यावीत. त्यांच्यात फट पडते. ती मुलांना पट्टीने मोजू द्यावी. रस्त्यावर तेवढ्याच फटीने गाडी भरकटते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही, असे आम्हांला वाटते.